दुश्मनाचं दान

“आणि दुश्मनाचं दान कोण टाकतं?”

शेजारचे सुभेदार साहेब सोसायटीच्या वर्गणीची पावती द्यायला आले होते. दारातूनच त्यांची नजर जेवणाच्या टेबलाकडे गेली. तेथे नेदरलँड्समधल्या आर्नहेम शहराचा नकाशा पसरलेला होता. पावसाळी हवेने कागद घडीच्या जागी फुगून वर येतो, म्हणून मी त्यावर अॅक्रिलिकचा पारदर्शक तक्ता ठेवला होता आणि तक्त्यावर पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या मांडल्या होत्या. बाहेर श्रावणातला पाऊस पडत होता. साहेब चष्मा सावरत पुढे आले आणि त्यांनी आधी नकाशावरचा उत्तर दिशेचा बाण शोधला, मग नदी पाहिली, मग पूल, आणि पुलाच्या उत्तर टोकाशी दाटीवाटीने बसलेल्या सोंगट्यांवर बोट न टेकवता ते म्हणाले, “पूल धरलाय यांनी.” मी सांगितले की हा एकटीने खेळायचा वॉरगेम आहे, इंग्रज छत्रीधारी सैनिकांच्या बाजूने आपण खेळायचे असते आणि जर्मनांचे हल्ले पत्ते काढून व फासे टाकून ठरतात. त्यावर त्यांनी तो प्रश्न विचारला. मीच टाकते, असे मी म्हटले. “म्हणजे दोन्हीकडून तुम्हीच. मग बाई, मनातून कुणाचं पडावंसं वाटतं?” पुलावरच्यांचे, असे मी लगेच उत्तर दिले. त्यांनी मान हलवली, पावती टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली आणि ते गेले.

ते उत्तर मला त्या रात्री झोपू देईना. साहेब येण्याच्या थोडे आधी जर्मन रणगाड्यांसाठी टाकलेल्या फाशावर सहा आले होते, एका घराचा पूर्वेकडचा कोपरा ढासळला होता आणि माझ्या तोंडून, मीच ज्यांचे रक्षण करीत होते त्यांच्या विरुद्ध, आपसूक “वा!” असे आले होते.

हा खेळ मला भाच्याने पाठवला. मी आयुष्यभर भूगोल शिकवला. नकाशा दिसला की मी त्याच्यासमोर बसणार, हे त्याला ठाऊक आहे. पेटी उघडली तेव्हा छापखान्याच्या शाईचा आणि नव्या पुठ्ठ्याचा वास आला; सोंगट्या कापलेल्या पुठ्ठ्यातून सुट्या करताना त्यांच्या कडांना राहणारे बारीक धागे मी नखांच्या कात्रीने काढले. पण माझे लक्ष खिळले ते नकाशावर. ऱ्हाइन समुद्राला मिळण्याआधी फाटे फोडते, त्या फाट्यांच्या मधली जमीन सखल व पाणथळ असते, रस्ते बांधाच्या माथ्यावरून जातात आणि दोन्ही बाजूंना चर असतात, हे मी फळ्यावर निळ्या-हिरव्या खडूंनी इतक्या वेळा काढले आहे की हात आपोआप वळतो. त्या चरांमध्ये रणगाडे फसतील, बांधावरून एकामागोमाग एक जाणारी गाडी दुरून आकाशाच्या पार्श्वभूमीवर स्पष्ट दिसेल आणि पहिली गाडी पेटली की मागचे सगळे सैन्य तिष्ठत उभे राहील, हे मात्र मी मुलांना कधी सांगितले नव्हते. सप्टेंबर १९४४ मध्ये इंग्रज सेनापती माँटगोमेरीच्या योजनेतील जमिनीवरचे सैन्य, म्हणजे हॉरॉक्सचे तिसावे कोअर, अशाच एका रस्त्यावरून उत्तरेकडे येणार होते. वाटेतले पूल आकाशातून उतरलेल्या सैनिकांनी आधीच धरून ठेवायचे होते. सर्वांत टोकाचा पूल आर्नहेमचा.

तिथले मैदानही भूगोलानेच ठरवले. पुलाच्या दक्षिणेकडची ओली, चरांनी कापलेली जमीन ग्लायडर उतरवण्यास योग्य नाही असे ठरले, पुलाजवळ आणि उत्तरेकडच्या विमानतळाजवळ विमानविरोधी तोफा असल्याचा धाक होता, म्हणून सैनिक शहराच्या पश्चिमेला दहा-बारा किलोमीटरवरच्या माळावर उतरले. विमाने पुरेशी नव्हती. संपूर्ण डिव्हिजन, म्हणजे हजारो सैनिकांचे दल, एका दिवसात न उतरता तीन दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी उतरणार होती, आणि पहिल्या दिवशी उतरलेल्यांपैकी बरेच जण पुढच्यांसाठी माळ राखत बसले. शहराच्या आसपास दुसरे एसएस पँझर कोअर, म्हणजे जर्मनांचे रणगाड्यांचे सैन्य, विसावा घेत आहे याची चिन्हे विमानातून काढलेल्या छायाचित्रांत दिसली होती आणि ती दाखवणाऱ्या गुप्तवार्ता अधिकाऱ्याला आजारपणाच्या रजेवर पाठवण्यात आले. रविवारी, १७ सप्टेंबरला, नदीकाठच्या रस्त्याने लेफ्टनंट कर्नल जॉन फ्रॉस्टची पलटण अंधार पडता पडता पुलापाशी पोहोचली. मागून आणखी काही तुकड्या मिळाल्या. एका डिव्हिजनने जो पूल राखायचा होता तो सुमारे साडेसातशे माणसांनी राखला, तोही फक्त उत्तरेकडच्या टोकाला.

माझ्या खेळातला पट म्हणजे हे उत्तरेकडचे टोक आहे. दहा-पंधरा मोठी घरे, एक शाळा, पुलाकडे चढणारा उतार आणि त्याच्या खालून जाणारे रस्ते. आपल्याला ठरवायचे असते की कोणत्या घरात किती माणसे ठेवायची, दारूगोळा कुणाला द्यायचा, जखमींना तळघरात कधी उतरवायचे. फटका बसला की सोंगटी उलटते आणि पाठीवरचा आकडा लहान असतो. दुसरा फटका बसला की ती पटावरून जाते. बाकी सर्व पत्त्यांच्या एका गठ्ठ्यात पालथे पडलेले असते.

एकटीने खेळताना खरे काम असते ते शत्रूच्या बाजूने प्रामाणिक राहण्याचे. फासा तक्त्याच्या कडेला टेकून तिरका थांबतो, पाच की सहा ते नीट कळत नाही, पाहणारे कुणी नसते. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात माझी आजी दुपारी पाय पसरून पेशन्स लावत बसे. पत्ते इतके जुने होते की चौकट राणीचा कोपरा फाटला होता आणि त्या फाटक्या कोपऱ्यामुळे ती गठ्ठ्यात कुठे आहे हे पाठीकडूनच कळे. आजी गठ्ठा पदराखाली धरून पाने काढी, म्हणजे तो कोपरा दिसू नये. मी तेव्हा तिला विचारले होते की तुला कोण बघतंय. तिने काय उत्तर दिले ते आठवत नाही, पण पदराखालून निघणारा तो हात मला अजून दिसतो, आणि तिरका फासा उचलून मी पुन्हा टाकते तेव्हा, आधीच्या दानाने माझी माणसे वाचत असली तरी, तोच हात माझ्या मनगटात असतो असे वाटते. शत्रूचे दान शत्रूच्या वतीने नीट टाकले नाही तर पुलावरच्या माणसांच्या टिकून राहण्यालाही काही मोल उरत नाही. मात्र नीट टाकायचे म्हणजे त्याच्या जागी बसून पाहावे लागते. कोणते घर पडले तर बाकीची उघडी पडतील, रणगाडा कुठून आणला तर खिडकीतल्या नेमबाजाला दिसणार नाही, हे कळू लागते. आणि कळू लागले की त्याचा डाव साधल्यावर आनंदही होतो. सुभेदार साहेबांच्या प्रश्नाने मला जे टोचले ते इथे होते.

सोमवार सकाळचा पत्ता काढताना मला दर वेळी धाकधूक होते. त्या सकाळी नवव्या एसएस डिव्हिजनच्या टेहळणी तुकडीचा कॅप्टन ग्रेबनर दक्षिणेकडून चिलखती गाड्या घेऊन पुलावर चढला. आदल्याच दिवशी त्याला नाइट्स क्रॉस हे जर्मन शौर्यपदक मिळाले होते. पहिल्या काही गाड्या भरधाव निघून गेल्या, मग घरांच्या खिडक्यांमधून गोळीबार सुरू झाला, पुलावरची वाट जळत्या गाड्यांनी अडली, मागच्या गाड्या वळू शकेनात, आणि ग्रेबनर तेथेच मारला गेला. खेळात हा पत्ता आला की आपली बाजू भक्कम असते. मी खिडक्यांमागच्या सोंगट्यांचे आकडे बेरजेला घेते, फासे टाकते, राखाडी सोंगट्या एकेक करून चिमट्याने उचलते, आणि तेव्हाही तोंडून तोच शब्द येतो. म्हणजे तो शब्द कुठल्या एका बाजूचा नाही. एखादी हालचाल नीट जमून आली, विचार आणि नशीब एकाच क्षणी एकत्र आले, की तो येतो. त्या पुलावर जळालेल्या माणसांचा वास किती तास राहिला असेल, याचा त्या शब्दाशी काही संबंध नसतो, आणि मला वाटते की संबंध असायला हवा.

जॉन फ्रॉस्ट पुण्यात जन्मला होता. ३१ डिसेंबर १९१२ रोजी, हिंदुस्थानी लष्करातील अधिकाऱ्याच्या घरी. हे वाचल्यापासून लष्कर भागातून जाताना माझी नजर जुन्या दगडी बंगल्यांच्या ओट्यांवर आणि वडाच्या पारंब्यांवर वेगळ्या रीतीने फिरते. पुढे इराकमध्ये असताना तिथल्या शिकारी मंडळाने त्याला एक शिंग भेट दिले, आणि विखुरलेल्या सैनिकांना गोळा करण्यासाठी तो ते वाजवीत असे. आर्नहेमचा आणखी एक धागाही आपल्याकडचा आहे. मंगळवारपर्यंत पश्चिमेकडच्या जंगलात ज्या छत्रीधारी पलटणींची वाताहत होत गेली, त्यांतली १५६ क्रमांकाची पलटण १९४१ मध्ये भारतात, इथल्या इंग्रज पलटणींतील स्वयंसेवकांमधून उभी राहिली होती. खडकीला होळकर पुलाजवळच्या युद्ध स्मशानभूमीत मी एका रविवारी सकाळी गेले. आर्नहेमची माणसे तिथे नाहीत. दुसऱ्या महायुद्धात पश्चिम व मध्य भारतात ठिकठिकाणी पुरलेल्या सैनिकांना पुढे तिथे एकत्र आणले गेले. हिरवळ कापलेली होती, पोपटांचा कलकलाट चालू होता, आणि दगडांवरची वये वाचत जाताना मला सतत वर्गातल्या हजेरीपटाची आठवण होत राहिली. १९, २१, २०, २४. मी दहावीला शिकवलेली मुले दोन-चार वर्षांनी पेढे घेऊन भेटायला येत, ती याच वयाची असत.

लढाईचा माझा पहिला नकाशा मात्र याहून जुना आहे.

१९७१ च्या डिसेंबरात मी शाळेत खालच्या इयत्तेत होते. वाड्यातल्या सगळ्या खिडक्यांच्या काचांना काळा कागद डकवला होता, त्याच्या खळीचा आंबूस वास खोलीत भरून राहिला होता, आणि रात्री दिवा लावण्याआधी वडील अंगणात जाऊन फट दिसते का ते पाहत. चौकात सगळे जण एका रेडिओभोवती बसत. दिवाळीच्या किल्ल्याची माती अजून कोपऱ्यात तशीच होती, आणि थोरल्या भावाने त्या मातीवर पाण्याने नद्या काढून, पडून राहिलेले मावळे उभे करून, रोजच्या बातमीप्रमाणे ते पुढे सरकवायला सुरुवात केली होती. ११ डिसेंबरला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात टांगाइलजवळ आपले छत्रीधारी सैनिक उतरले. त्यांनी लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल धरला आणि उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची वाट अडवली. वर्तमानपत्रातल्या छायाचित्रात आकाश छत्र्यांनी भरून गेले होते. भावाने रुमालाच्या चार टोकांना दोरे बांधून एक मावळा माडीवरून खाली सोडला, तो दगडावर आपटून त्याचा हात मोडला, आणि तो मोडका मावळा आम्ही पुलाशी उभा केला. खूप पुढे मला कळले की ते छायाचित्र टांगाइलचे नव्हते, आग्र्याला झालेल्या आधीच्या सरावाचे होते. प्रत्यक्षात उतरली होती एकच पलटण, थोड्या साहाय्यक तुकड्यांसह. पण आकाशभर छत्र्या पाहून जगाला वाटले की फार मोठे सैन्य उतरले आहे. ती पलटण म्हणजे २ पॅरा, पूर्वीची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. आणि जमिनीवरून येऊन तिला मिळाली तीही मराठ्यांचीच, पहिली पलटण.

टांगाइल आणि आर्नहेम मी आता नकाशावर शेजारी ठेवून पाहते तेव्हा भूगोलाची शिक्षिका म्हणून प्रथम हे दिसते की दोन्ही लढाया त्रिभुज प्रदेशातल्या आहेत. एकीकडे ऱ्हाइन फुटते, दुसरीकडे ब्रह्मपुत्रा. दोन्हीकडे जमीन सपाट, पाणी जास्त, आणि म्हणून सगळ्या हालचालींची गाठ पुलांपाशी पडते. टांगाइलला परिसर आधीपासून कादर सिद्दीकींच्या मुक्तिसैनिकांच्या हातात होता आणि शत्रू माघार घेत होता. आर्नहेमला शत्रू शहरातच होता आणि वर्षानुवर्षे लढलेला होता. टांगाइलला जमिनीवरची पलटण जवळपास एका दिवसात येऊन मिळाली. आर्नहेमला ती आलीच नाही.

सुभेदार साहेब १९७१ नंतर भरती झाले. बेळगावच्या केंद्रात शिकले, पुढे मराठ्यांच्याच पलटणीत राहिले, आणि टांगाइलला गेलेल्या लोकांच्या हाताखाली त्यांनी नोकरी केली. पावती दिल्याच्या पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले, या वेळी खेळच पाहायला. मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि मंगळवारची फेरी खेळू लागले. ते फाशांकडे फारसे पाहत नव्हते. त्यांचे लक्ष नकाशाच्या खालच्या समासात होते. तिथे लहान चौकटींची एक रांग आहे आणि त्या रांगेत तिसाव्या कोअरची एकच सोंगटी असते. दर फेरीला एक फासा टाकायचा. अमुक आकडा आला तर ती एक चौकट पुढे सरकते, नाही तर जागीच राहते. साहेबांनी विचारले की यांना काही कळतं का, ती सोंगटी कुठपर्यंत आलीय ते. मी म्हटले, मला दिसते, पण नियमाप्रमाणे त्यांना कळत नाही. त्यांची वायरलेस यंत्रे नीट चाललीच नव्हती. साहेब बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग तुमचा खेळ सोपा आहे बाई. तुम्हाला दिसतंय.”

त्यानंतर मी ती रांग वहीने झाकून खेळून पाहिली. फासा वहीआड टाकायचा, सोंगटी न पाहता बोटाने सरकवायची, हे जमण्यासारखे नाही, कारण फासा मलाच वाचावा लागतो. शेवटी भाचा सुट्टीवर आला असताना त्याला बाजूला बसवले आणि समासातले दान त्याने टाकावे, मला सांगू नये, असे ठरवले. तो खेळ पूर्णपणे निराळा झाला. बुधवारी, २० सप्टेंबरला, खऱ्या लढाईत अमेरिकन छत्रीधारी सैनिक दुपारच्या उजेडात कापडी होड्यांतून वाल नदी ओलांडून गेले आणि संध्याकाळी नाइमेखेनचा पूल मित्रसैन्याच्या हाती आला. तिथून आर्नहेमचा पूल सुमारे सतरा किलोमीटर, म्हणजे आपल्या स्वारगेटहून खडकवासल्याच्या धरणाइतका. त्याच संध्याकाळी फ्रॉस्ट जखमी होऊन तळघरात पडला होता, वरचे घर पेटले होते, आणि दोन तासांची तात्पुरती शांतता ठरवून जर्मनांनीच शेकडो जखमींना जळत्या इमारतीतून बाहेर काढले. गुरुवारी सकाळी पुलावरचा प्रतिकार संपला. भाच्याबरोबर खेळताना मी बुधवारच्या फेरीत शेवटच्या तीन घरांत उरलेली काडतुसे वाटत होते. मला काही दिसत नव्हते, तो शेजारी बसून फासा टाकत होता आणि त्याचा चेहरा मी वाचू नये म्हणून खिडकीबाहेर पाहत होता. मी इतिहास जाणते. कोण आले नाही हे मला पाठ आहे. तरीही मी समासाकडे नजर टाकत राहिले, आणि तो खेळ संपेपर्यंत माझ्या तोंडून एकदाही “वा” निघाला नाही.

पुलावरच्यांच्या जागी बसता येते, हल्ला करणाऱ्यांच्या जागीही बसता येते. तिसरी जागा खेळात ठेवलेलीच नाही, हे त्या दिवशी लक्षात आले. पटावरच्या प्रत्येक घराला क्रमांक आहे, भिंतींची ताकद किती ते लिहिले आहे, आग लागण्याचा आकडा दिला आहे. त्या घरांत राहणारे कुणी नाही. रविवारी दुपारी आर्नहेमच्या पश्चिमेकडच्या रस्त्यांवर लोक फुले, सफरचंदे, दूध घेऊन घराबाहेर आले होते, चार वर्षांच्या ताब्यानंतर सुटका झाली असे त्यांना वाटले होते. पुलाजवळच्या घरांत सैनिक शिरले तेव्हा त्यांनी काचा फोडल्या, पेटू नयेत म्हणून पडदे उतरवले, कपाटे व गाद्या खिडक्यांशी रचल्या, पाणी बंद होईल म्हणून न्हाणीघरातली टबे भरून ठेवली. लढाईच्या दृष्टीने हे सगळे योग्यच होते, आणि खेळात त्याला एक हालचाल खर्च होते. पण कपाट ज्यांचे होते त्यांनी ते कधीतरी पैसे साठवून घेतले असेल. ओस्टरबेकला, जिथे उरलेली डिव्हिजन नदीकाठी वेढली गेली, केट तेर होर्स्ट नावाच्या बाईंच्या घरात सैनिकांचे उपचार केंद्र झाले. त्यांना पाच मुले होती. घरात शेकडो जखमी आले, बागेत पन्नासहून अधिक मृतांना पुरले गेले, आणि बाई खोल्याखोल्यांतून फिरून जखमींना बायबलमधले स्तोत्र वाचून दाखवीत. २५ सप्टेंबरच्या रात्री सुमारे चोवीसशे सैनिक ऱ्हाइन ओलांडून परत गेले; दहा हजारांच्या आसपास आले होते. घरातली माणसे कुठे परत जाणार? जर्मनांनी आर्नहेम रिकामे करण्याचा हुकूम काढला, जवळपास एक लाख लोक हातगाड्यांवर गाठोडी टाकून बाहेर पडले, मागे शहर लुटले गेले, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात पश्चिम नेदरलँड्समध्ये अन्नावाचून हजारो लोक मेले. ज्या पुलासाठी हे झाले तो ऑक्टोबरात मित्रराष्ट्रांच्याच विमानांनी पाडला. पुढे तो पुन्हा बांधला गेला आणि १९७७ मध्ये त्याला पुण्यात जन्मलेल्या त्या माणसाचे नाव दिले गेले.

पानशेतच्या पुरानंतर आमच्या वाड्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ राहिली होती. माझ्या जन्माआधीची गोष्ट, पण ती रेघ दाखवून आजी सांगे की कुठल्या खोलीतले काय गेले: पितळी डबा, लुगडी, आजोबांच्या पोथ्या. धरण का फुटले याबद्दल ती कधी बोलली नाही. घरातल्या वस्तूंची ती यादी आणि नकाशावरची ती घरे माझ्या मनात एकत्र आली. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून मी पांढरे चौकोन तयार केले आणि मांडणी करतानाच प्रत्येक घरावर एकेक ठेवला. त्यांना हल्ल्याचा आकडा नाही, बचावाचा नाही. हार-जीत मोजताना ते मोजायचे नाहीत, हे मी आधीच ठरवले, कारण त्यांचे गुण धरले की ते पुन्हा कुणाच्या तरी बाजूचे होतात. घर ताब्यात घ्यायचे असेल तर एक हालचाल खर्चून त्यांना उत्तरेकडे पाठवायचे, किंवा तळघरात उतरवायचे. तळघरात जागा तीनच सोंगट्यांची आहे आणि पुढे जखमींनाही तीच लागते.

नियम दिसायला लहान आहे, पण त्याने माझे दोन्ही हात अडखळले. रविवार रात्रीच्या ज्या हालचाली मी भिंतींना भोके पाडण्यात व तोफ उतारावर आणण्यात घालवीत असे, त्यांतल्या काही आता माणसे हलवण्यात जातात, आणि सोमवारी ग्रेबनरचा पत्ता निघतो तेव्हा दोन खिडक्या मोकळ्या असतात. जर्मनांच्या पत्त्यावर ‘सर्वांत जवळचे घर पेटवा’ असे येते आणि दोन घरे सारख्याच अंतरावर असतात, तेव्हा पूर्वी मी शत्रूच्या जागी बसून त्याला सोयीचे घर निवडत असे. आता एका घरावर पांढरा चौकोन आहे आणि दुसऱ्यावर नाही. शत्रूच्या वतीने प्रामाणिक राहायचे तर तो चौकोन त्याला दिसता कामा नये, कारण त्या आठवड्यात तो कुणाला दिसला नव्हता. माझा हात मात्र दुसऱ्या घराकडे जातो. म्हणून अशा वेळी निवड न करता फासा टाकायचा, असे मी लिहून ठेवले आहे.

पाण्याचा नियम अजून बसलेला नाही. प्रत्येक घरातल्या टबाला मी चार खुणा दिल्या आहेत आणि दर फेरीला एक पुसते. मंगळवारी संध्याकाळी टब कोरडे पडतात, आणि बुधवारी सैनिक, जखमी व घरातली माणसे या तिघांपैकी कुणाला किती, हे ठरवावे लागते. सैनिकांना आधी दिले तर पूल एक फेरी जास्त टिकतो. सुभेदार साहेबांचे म्हणणे आहे की जखमीला आधी, त्यात विचारण्यासारखे काही नाही, आणि ज्याचे घर आहे त्याला जखमीच्या बरोबरीने. मी तसे करून पाहिले. पूल बुधवारी दुपारीच गेला. या शनिवारी ते पुन्हा येणार आहेत. टबाची एक खुण वाढवावी असे मी सुचवले होते. त्यांनी नकार दिला, टब तेवढाच होता म्हणाले, आणि आता काडतुसे न हलवता ती हालचाल पाणी आणण्यात घालवता येईल का, हे आम्ही तपासणार आहोत.